संमतीपत्रावर सही हवी

कोक-जार, ३ जुलै २०२३

सेयिल,

पाकिटावरचं अक्षर बघून कपाळाला आठ्या पडल्या असतील. पडू देत. फोन तू उचलत नाहीस. माझा नंबर तू बंद करून ठेवलायस हे तुझ्या नणंदेने मला भर लग्नात, पंचवीस बायकांसमोर ऐकवलं. म्हणून हा कागदाचा खटाटोप. कुबातच्या टॅक्सीतून पाठवतेय, तो दर आठवड्याला बिश्केकला येतो. सोबत दोन किलो कुरुत आहे, यंदाच्याच दह्याचं वाळवलेलं, मीठ कमी घातलंय. पत्र फेकायचं तर फेक, कुरुत फेकू नकोस.

ताकाला जाऊन भांडं लपवण्यात अर्थ नाही, तेव्हा सांगून टाकते. काम आहे. पाकिटात एक छापील कागद आहे, 'कुटुंबाचे संमतीपत्र'. खाली पेन्सिलने फुली केलीय तिथे सही कर आणि कुबातकडे परत दे.

कशासाठी ते ऐक. शाळेत जाण्याआधी अडचणीच्या मुलांना तपासतो तो आयोग तुला माहीत आहे. तुला माहीत नसेल तर कुणाला असणार. तर यंदापासून त्या आयोगावर बसायचं तर नव्या प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र लागतं. सहा आठवड्यांचं प्रशिक्षण. मी अठ्ठावन्न वर्षांची, तीस वर्षं हेच करतेय, आणि आता मला गळ्यात नावाची चिठ्ठी अडकवून बाकावर बसवलंय. शेवटी प्रत्येकाने एका मुलाची हकीकत मांडायची, 'प्रगती झालेलं मूल', आणि त्याला घरच्यांची लेखी संमती जोडायची. माझ्या हातून पुढे गेलेली मुलं नाहीत असं नाही. पण निम्मी रशियात आहेत आणि उरलेल्यांचे आईबाप मेंढरं घेऊन वर कुरणांत गेलेत, तिथे फोन लागत नाही. तुझ्या तिलेकचं मात्र सगळ्यांना ठाऊक आहे. औषधांच्या दुकानात मागच्या खोलीत काम करतो, खोक्यांवरची नावं वाचून लावतो. मला तिलेकची हकीकत हवीय.

तू म्हणशील, त्याला तू काय शिकवलंस? ते कसं मांडायचं ते मी बघून घेईन.

हे मी माझ्या खुर्चीसाठी करत नाहीये. इथे बेरमेत म्हणून एक मुलगी आहे, सात वर्षांची. उजवा हात आखडलेला, जीभ जड. आईबाप मॉस्कोत, ती आजीजवळ असते, उमसुन आजीजवळ. दोन वर्षं रोज दुपारी माझ्या खोलीत येतेय. अक्षरं ओळखते, माझ्या चुकाही काढते. चोवीस ऑगस्टला तिची तपासणी आहे. माझ्याकडे प्रमाणपत्र नसेल तर माझ्या जागी प्रांताच्या गावाहून कुणीतरी येणार, पंधरा मिनिटं बघणार आणि 'घरीच ठेवा' लिहून जेवायला जाणार. एकदा ते लिहिलं की पोर घरी बसली ती बसली.

सही कर.

रापिया


११ जुलै

सेयिल,

कुबात परत आला. मी त्याला पोलिसासारखी विचारत होते. म्हणाला, "कुरुत ठेवून घेतलं. पत्र दारात उभ्यानेच वाचलं. कागद परत दिला." कागद कोरा. मी म्हटलं, काही बोलली? तर म्हणतो, "म्हणाली, तिला विचार, तिने तेव्हा सही का केली होती." मी म्हटलं, आणखी? "आणखी चहा दिला. जॅम चांगला होता."

एवढ्या वर्षांत एक वाक्य, आणि तेही टॅक्सीवाल्याच्या तोंडून. बरं. उत्तर देते. तिलेकच्या त्या कागदावर आयोगाच्या पाच जणांच्या सह्या होत्या. माझी पाचवी. मी केली नसती तरी निर्णय तोच राहिला असता. हे मी तुला तेव्हाही सांगितलं होतं.

आता माझी दशा ऐक, म्हणजे तुला निदान हसू येईल. आमची प्रशिक्षिका जिबेक, वय सत्तावीस. राजधानीत शिकली, दोन आठवडे परदेशात जाऊन आली. पहिल्या दिवशी आम्हा तीस बायकांना आणि एका संगीत शिक्षकाला गोल उभं केलं आणि लोकरीचा गुंडा एकमेकांकडे फेकायला लावला. गुंडा ज्याच्याकडे येईल त्याने आपलं स्वप्न सांगायचं. मी म्हटलं, माझं स्वप्न आहे की ही लोकर कुणीतरी परत गुंडाळेल. सगळ्या हसल्या, जिबेकने वहीत काहीतरी लिहिलं. दुपारी जेवणाच्या सुट्टीत लोकर मीच गुंडाळत बसले, कारण चांगली लोकर होती.

दुसऱ्या दिवशी कळलं की आम्ही आता 'दोषतज्ज्ञ' नाही. तो शब्द मुलांचा अपमान करतो. तीस वर्षं माझ्या दारावर तीच पाटी आहे. ती बरोबर म्हणतेय हे मला कळतं, राग त्याचाच येतो.

आणि सगळ्यात मोठी गंमत म्हणजे हे प्रशिक्षण जुलैत ठेवलंय. जुलैत इथे मूल औषधालाही सापडत नाही, सगळी कुरणांवर. कार्यालयात कुणाला हे सुचलं नाही. उंटावरून शेळ्या हाकायच्या म्हटल्यावर असंच होणार. सराव कुणावर करायचा? जिबेकने एक बाहुली आणली. तिला डोळे मिटता येतात, एवढीच तिची प्रगती.

तिच्या तक्त्यात पहिला प्रश्न आहे, 'मूल मोठ्यांच्या डोळ्याला डोळा भिडवतं का?' मी उभी राहिले. म्हटलं, बाई, आमच्याकडे मोठ्यांच्या डोळ्यांत टक लावून बघणाऱ्या पोराच्या पाठीत धपाटा बसतो. ती म्हणाली, "रापिया बाई, हा तक्ता जगभर वापरतात." मी म्हटलं, मग जगाला सांगा.

मग मी बेरमेतचं चित्रफितीवरचं काम दाखवलं. घोड्याचं चित्र दाखवलं की पोर म्हणते 'स्वारीचा'. दगडाला म्हणते 'टणक'. जिबेकने लगेच लिहिलं, शब्दसंग्रह नाही. मी म्हटलं, खोडा ते. उमसुन आजीच्या सासऱ्याच्या नावात घोडा होता आणि थोरल्या दिराच्या नावात दगड. सासरच्या थोरांचं नाव सुनेने तोंडाने घ्यायचं नाही, आणि ते नाव ज्या वस्तूचं, तिचंही घ्यायचं नाही. पन्नास वर्षं म्हातारी घोड्याला स्वारीचा म्हणतेय. नात तिच्याच तोंडून बोलायला शिकली. जिबेक हसली, म्हणाली, "असं अजून करतात?" मी म्हटलं, स्वतःच्या आजीला विचार. दुसऱ्या दिवशी सकाळी ती स्वतःच माझ्याकडे आली. म्हणाली, "आजी चाकूला कापणारं म्हणते. मला वाटायचं, तिचा विनोद आहे." मग तिने ती ओळ खरंच खोडली. मुलगी वाईट नाही.

हे तुला सांगायला नको. तुझी सासू तर या बाबतीत उमसुन आजीच्या वरताण होती आणि तुझ्याकडूनही पाळून घ्यायची. जाऊ दे.

कोरा कागद पुन्हा पाठवतेय. सोबत लोणी.

रापिया


१९ जुलै

सेयिल,

लोणी ठेवून घेतलंस, कागद कोरा, प्रश्न तोच. कुबात आता मला बघितलं की आधीच म्हणतो, "तेच विचारलं हो." टॅक्सीत बसलेल्या लोकांनाही आपली गोष्ट कळली असणार. एका बाईने त्याच्याबरोबर निरोप पाठवलाय की बहिणीबहिणींनी असं करू नये. तिचं नावही मला माहीत नाही.

तुला काय ऐकायचंय? मी एकटी, समोर चार जण. अध्यक्ष ओसोकोव्ह म्हणजे साधा माणूस नव्हता, त्याच्यापुढे रुग्णालयातले डॉक्टर उभे राहायचे. मला आयोगावर बसून तीन महिने झाले होते. मी तोंड उघडलं असतं तर मला हाकलून दुसरीला घेतलं असतं. आत राहिले म्हणून नंतर किती पोरांना शाळेत ढकललं ते कुणी मोजत नाही. तू महिन्याभरात पोराला उचलून बिश्केकला गेलीस. आईच्या मयताला आलीस तेव्हा आपण दोघी तंबूत रीतीप्रमाणे एकाच भिंतीला तोंड करून रडत होतो, मध्ये तीन बायका. माझ्या हाताला हात लागला तर तू काढून घेतलास. हे बरोबर होतं?

इथे दिवस संपत नाहीत. परवा जिबेक म्हणाली, मुलं नाहीत तर आपणच मुलं होऊ. तिघींनी आयोग व्हायचं, एकाने मूल. चिठ्ठ्या टाकल्या आणि मूल मी निघाले. संगीत शिक्षक मिरलानला फार आनंद झाला. "रापिया बाई, हट्ट करा बरं का," म्हणाला. मला बुटक्या खुर्चीवर बसवलं. गुडघे हनुवटीला लागत होते. जिबेकने माझ्या कानात सांगितलं, "तुम्हाला उत्तर येतंय. पण ते यांना कळणार नाही. बघा कसं वाटतं."

समोर तिघी. त्यातली एक माझीच जुनी विद्यार्थिनी. एक चित्र पुढे सरकवलं. मेंढी होती. "हे काय आहे, बाळा?"

मी उठले आणि बाहेर गेले. नळावर तोंड धुतलं. जिबेक मागोमाग आली. मी सांगितलं, रक्तदाब आहे. तिने पाण्याची बाटली दिली आणि माझ्या शेजारी पायरीवर बसून राहिली, काही विचारलं नाही. या मुलीला गप्प बसता येतं हे मला तोवर माहीत नव्हतं.

रक्तदाबच होता. सकाळी गोळी घ्यायची राहिली होती.

मांडणीची तारीख सात ऑगस्ट. कागद पुन्हा पाकिटात घातलाय, तुझ्याकडे दोन आठवडे आहेत. माझ्यावरचा राग बेरमेतवर काढू नकोस, एवढंच म्हणते.

रापिया


२८ जुलै

सेयिल,

या वेळी कुबातबरोबर काहीच आलं नाही. तू दार उघडलंस, पत्र घेतलंस आणि दार लावलंस. त्याला चहासुद्धा दिला नाहीस. तो माझ्यावर रुसलाय.

तीन दिवस विचार करतेय. ठीक आहे. घे.

एकोणीसशे नव्याण्णव, मे महिना. तू तिलेकला घेऊन पहाटे गावाहून निघालीस. त्याला निळा सदरा घातला होतास, तुझ्या नवऱ्याचा कापून शिवलेला. दारात मला बघून तुझा जीव भांड्यात पडला. आईबापांना आत घेत नसत. मी तुला म्हटलं, "तू बाहेर बस. मी आहे आत."

ते तुला आठवतंय. आतलं तुला माहीत नाही.

पोराच्या तोंडातून लाळ गळत होती, हात आखडलेला होता. ओसोकोव्हने त्याच्याकडे एकदा बघितलं आणि घड्याळाकडे बघितलं. मग चित्रं काढली. पहिलं लांडग्याचं. तिलेक म्हणाला, "हूहू करणारा." दुसरं मेंढीचं. म्हणाला, "बेंबें करणारी." तिसरं कुऱ्हाडीचं. म्हणाला, "फोडणारी." जीभ जड, पण एकही चुकलं नाही. एकही नाही, सेयिल. तुझा सासरा कोयचुमान, त्याच्या नावात मेंढी. थोरला दीर बोरुबाय, त्याच्या नावात लांडगा. मधला दीर बाल्ताबाय, कुऱ्हाड. तुझ्या घरात तुझ्या सासूच्या भीतीने हे तीन शब्द कुणी उच्चारतच नव्हतं. मी तुझ्या घरी चार उन्हाळे काढले होते. त्या टेबलाशी बसलेल्या पाच जणांत त्या पोराची भाषा एकटीला मला कळत होती.

ओसोकोव्हने लिहिलं, वस्तूंची नावं सांगता येत नाहीत. म्हणाला, "आवाज काढतो नुसते, जनावरासारखे." बाकीच्यांनी माना हलवल्या.

मला एवढंच म्हणायचं होतं की थांबा, याच्या घरी असं बोलतात. तो विचारणार, तुम्हाला कसं माहीत? मला सांगावं लागणार, माझ्या बहिणीचा मुलगा आहे. आणि नातेवाइकाचं मूल असेल तर सदस्याने आधीच सांगून टेबलावरून उठायचं, असा नियम होता. मी आधी सांगितलं नव्हतं. मनाशी म्हटलं होतं, आत राहूनच मदत करू, उठून कशाला जायचं. आता सांगितलं तर लपवल्याचं बाहेर येणार, खुर्ची जाणार, नाव जाणार. कोक-जारमधली त्या खुर्चीवर बसलेली पहिली बाई होते मी. तीन महिने झाले होते.

मी गप्प बसले. मग कागद फिरत फिरत माझ्याकडे आला, 'शिकण्यास अपात्र', आणि मी सही केली. पेन चालत नव्हतं. ओसोकोव्हचं पेन मागून घेतलं.

तू एवढी वर्षं समजत होतीस की मी घाबरले, किंवा मला तुझ्या पोरात काही दिसलं नाही. मला दिसलं होतं. तू विचारलंस, सही का केली. खुर्चीसाठी केली.

आता तुला सही करायची नसेल तर करू नकोस. मी या कागदासाठी पुन्हा लिहिणार नाही. पण मी त्यांना सांगणार होते की तिलेकला मी शिकवलं, तू फळीवर पीठ पसरून त्याच्याकडून अक्षरं गिरवून घेतलीस ते मी माझ्या नावावर मांडणार होते. सगळेच तसं करतात. मिरलानने तर स्वतःच्या भाच्याला बहिरा करून टाकलाय. मीही लिहून ठेवलं होतं, चार पानं. ती चुलीत घातली.

रापिया


९ ऑगस्ट

सेयिल,

कुबात सहा तारखेला संध्याकाळी आला. गाडी वाटेत बिघडली होती, तरी कागद त्याने सदऱ्याच्या आत ठेवून आणला. मी घडी उघडली तर फुली केली होती तिथे तुझी सही नव्हती. तिलेकची होती.

पूर्ण नाव, आडनाव, वडिलांचं नाव. अक्षर डावीकडे कललेलं, कारण डाव्या हाताने लिहितो. छापील मजकुरात 'पालकाची सही' असं होतं, त्यातलं 'पालकाची' त्याने खोडलंय, पट्टी लावून, सरळ. आणि खाली एक ओळ. 'घडलं तसं सांगा, नाहीतर सांगू नका.' तू त्याला माझी पत्रं वाचून दाखवलीस की त्याने आपली आपण वाचली? हा काय मूर्ख प्रश्न, वाचलीच असतील.

सात तारखेला मी मांडलं. माझ्या आधी अकरा जणींची मुलं चालायला, बोलायला आणि नाचायला लागली होती. मी उभी राहिले आणि जे तुला लिहिलं तेच सांगितलं. निळा सदरा, तीन चित्रं, खुर्ची, पेन. मग सांगितलं की तो आज वाचतो ते त्याच्या आईमुळे, पिठाच्या फळीवर, आणि त्यात माझा हात नाही. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. माझी जुनी विद्यार्थिनी खिडकीबाहेर बघत होती. मिरलान उठला, म्हणाला माझ्या हकीकतीत थोडी दुरुस्ती आहे, आणि भाच्याचे कान परत जागेवर आणले.

आणि आता ऐक, म्हणजे तुला कळेल की मी का वैतागते. प्रशिक्षणाची मुख्य बाई राजधानीहून आली होती. तिने माझा कागद तीनदा उलटासुलटा केला. "फार प्रामाणिक आहे, रापिया बाई. पण साच्यात बसत नाही. इथे रकाना आहे, 'तज्ज्ञाने साधलेली प्रगती'. तुमच्या हकीकतीत प्रगती तज्ज्ञाशिवाय झालीय." मी म्हटलं, झालीय खरी. "मग हे ग्राह्य धरता येत नाही. डिसेंबरात दुसरी हकीकत घेऊन या." जिबेक तिच्याशी अर्धा तास भांडली. दाराआडून ऐकू येत होतं. डोळे लाल करून बाहेर आली आणि म्हणाली, "मी लेखी तक्रार करणार आहे." मी म्हटलं, कर. तक्रारीला उत्तर येईपर्यंत बेरमेतला नातवंडं होतील.

म्हणजे चोवीस तारखेला माझ्या खुर्चीवर दुसराच कुणीतरी असणार. खोटं सांगितलं असतं तर मी तिथे असते. हे मी तुला दोष देण्यासाठी लिहीत नाहीये, तिलेकलाही नाही. पण रात्री छताकडे बघत पडते आणि मला कळत नाही की मी त्या पोरीचं भलं केलं की माझं मन हलकं करून घेतलं.

उमसुन आजीला सांगितलं. तिने चहा ओतला, म्हणाली, "खुर्ची नाही तर नाही. तुला पाय आहेत ना?" या म्हातारीला सगळं सोपं वाटतं.

रापिया


२६ ऑगस्ट

सेयिल,

परवा तपासणी झाली. सगळं लिहिते, कारण दुसऱ्या कुणाला सांगून उपयोग नाही.

आता नियम बदललाय, मुलाबरोबर एका नातेवाइकाला आत येऊ देतात. आमचा नंबर आला तेव्हा उमसुन आजीने मला पाठीत बोट खुपसून पुढे ढकललं. मी बेरमेतचा हात धरून आत गेले. माझ्या खुर्चीवर एसेन नावाचा एक तरुण होता, पेनाचं टोपण चावत. अध्यक्ष माझ्या ओळखीचे, दहा वर्षं एकत्र बसलोय.

"रापिया बाई, तुम्ही? तुमचं प्रमाणपत्र तर..."

"सदस्य म्हणून आले नाही. नातेवाईक म्हणून आलेय."

"कोण लागता?"

"मावशी."

ते हसले. "कुठून मावशी?"

"उमसुन आजीचं माहेर आणि माझं आजोळ एकाच कुळातलं. सात पिढ्या मोजायच्या असतील तर चहा मागवा, मोजते."

त्यांनी चष्मा काढला. माणूस चांगला आहे, म्हणून हळू आवाजात म्हणाले, "बाई, हे नोंदवलं तर गोष्ट वेगळी होईल. दोन वर्षं तुम्ही हिचे अहवाल दिलेत, नातं सांगितलं नाहीत. चौकशी होईल. डिसेंबरात प्रमाणपत्र मिळालं तरी खुर्ची मिळेल असं मी सांगू शकत नाही."

"नोंदवा," मी म्हटलं. कारकुनाने लिहिलं.

चित्रं आता फळकुटासारख्या पडद्यावर असतात. दुसरंच चित्र घोड्याचं. बेरमेत म्हणाली, "स्वारीचा." एसेनचं बोट पडद्याकडे गेलं. मी म्हटलं, थांबा. आणि सांगितलं. घोडा का नाही म्हणत, दगड का नाही म्हणत, कुणाची नावं, कोणत्या घरची रीत. एसेन म्हणाला, "पण ती खरा शब्द जाणते हे आम्ही कसं समजायचं? तिने एकदा म्हणून दाखवावा." बरोबरच होतं त्याचं. मी बेरमेतला म्हटलं, म्हण. ती खाली बघायला लागली. दार अर्धं उघडं होतं, तिथे आजी उभी होती. आजीसमोर ती मेली तरी तो शब्द उच्चारणार नव्हती.

मग दारातून म्हातारीचा आवाज आला, "म्हण गं. मी कान झाकते." आणि खरंच दोन्ही हात रुमालावरून कानांवर दाबून, डोळेही मिटून ती उभी राहिली.

बेरमेत म्हणाली, "घोडा." मग तिला जोरच चढला. "घोडा, दगड, घोडा." अध्यक्ष खोकल्यासारखं करून हसू लपवत होते. मग तिने अक्षरं वाचली, डाव्या हाताने स्वतःचं नाव काढलं, आणि एसेनच्या पडद्यावर एक अक्षर उलटं आलंय ते दाखवलं. आलं होतं.

गावच्या शाळेत, पहिली. सोबत मदतनीस. एक सप्टेंबरपासून. कागद उमसुन आजीच्या हातात दिला तर तिने तो वाचायलाही घेतला नाही, रुमालात बांधला आणि म्हणाली, "चला, भूक लागलीय."

चौकशीचं पत्र यायचं तेव्हा येईल. येऊ दे.

एक राहिलं, सेयिल. मागे मी सगळं सांगितलं असं तुला वाटलं असेल. मलाही तसंच वाटावं असं मी लिहिलं होतं. परवा कारकुनाने 'मावशी' लिहिलं तेव्हा मी तो शब्द पुन्हा पुन्हा वाचत राहिले, ते चौकशीच्या भीतीने नाही.

त्या दिवशी तिलेक आत आला, तेव्हा एवढ्या अनोळखी माणसांत मला बघून हसला. चित्रं निघायच्याही आधी. माझ्याकडे बोट करून म्हणाला, "मावशी." अगदी स्पष्ट. ओसोकोव्हने मला विचारलं, "ओळखतो का हा तुम्हाला?"

मी म्हटलं, "लहान मुलं काय, कुणालाही मावशी म्हणतात."

त्यानंतर त्याने पुन्हा हाक मारली नाही. पण तिन्ही उत्तरं त्याने माझ्याकडे बघून दिली.

रापिया